पुस्तकांतील पेशी आणि कांचेखालील पेशी

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या आधीं आमच्या प्रयोगशाळेंत एक लहानसा प्रकार घडला. तो तसा क्षुल्लक होता. परंतु त्यानें आम्हांस जें विचारांत पाडलें, त्यांतूनच हा लेख लिहिण्याची बुद्धि झाली. दहावीच्या वर्गास कांद्याच्या मुळाच्या टोकांतील पेशींचें विभाजन दाखवावयाचें होतें. पाण्यानें भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा ठेविला. तीन-चार दिवसांत त्याला पांढरीं शुभ्र मुळें फुटलीं. त्यांचीं टोकें कापून, सौम्य आम्लांत ऊन करून, तांबडा रंग देऊन कांचपट्टीवर चिरडलीं. आणि मुलें पाळीपाळीनें सूक्ष्मदर्शकास डोळा लावून बसलीं. दुसऱ्या दिवशीं वह्या आमच्याकडे आल्या. बहुतेक सर्व वह्यांत चार चित्रें होतीं, चारी सुबक, चारी गोल, चारी अवस्था ओळीनें मांडलेल्या. आणि तीं पाठ्यपुस्तकांतील चित्रांशीं रेघेला रेघ जुळत होतीं. एका वहींत मात्र तसें नव्हतें. तींत एका मुलीनें विटांच्या भिंतीप्रमाणें दाटीवाटीनें बसलेल्या साठांवर पेशी काढल्या होत्या. बहुतेकींत नुसता एक गोल ठिपका. तिघींत मात्र दोऱ्यांचा गुंता असावा असें कांहीं तरी दिसत होतें, आणि त्या तिघींपैकीं एकही पुस्तकांतल्यासारखी नव्हती.

"हें काय काढलेंस?" आम्हीं विचारलें.

"सर, दिसलें तें काढलें," ती म्हणाली.

आम्हीं तिचे दोन गुण कापले.

हें येथें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटतो; परंतु कबूल केल्यावांचून पुढें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण त्या दिवशीं सायंकाळीं घरीं जातां जातां आमच्या ध्यानांत आलें कीं, कांद्याची पेशी गोल नसतेच. वनस्पतींच्या पेशींस भिंत असते. त्या चौकोनी, पेटीसारख्या असतात. पुस्तकांतील तीं गोल चित्रें प्राण्यांच्या पेशींचीं होतीं. म्हणजे ज्या मुलांनीं कांद्याकडे पाहून गोल पेशी काढल्या, त्यांनीं कांद्याकडे पाहिलेंच नव्हतें. आणि आम्हीं त्यांस पूर्ण गुण दिले होते.

विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं हा प्रश्न केवळ दोन गुणांचा समजूं नये. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, जीवशास्त्र ज्या एका गोष्टीवर उभें आहे तीच गोष्ट आपण शाळांतून नाहींशी करीत आहों, आणि ती म्हणजे एका पेशीकडे, एकट्या एका पेशीकडे, धीर धरून पाहणें. गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांचा या शास्त्राचा इतिहास पाहिला, तर जेथें जेथें कोणी असें पाहिलें तेथें तेथें ज्ञानांत भर पडली, आणि जेथें सर्वांनीं परस्परांच्या वह्या उतरून घेतल्या तेथें मोठमोठे विद्वानही तीस-तीस वर्षें चुकीच्या समजुतींत राहिले असें दिसतें.

कांद्याचें मूळ आम्ही दाखवितों खरें, पण त्यांत एक उणीव आहे. रंग दिला कीं पेशी मेली. मुलांस दिसतें तें विभाजन नव्हे, तर विभाजन चाललें असतां मृत्यूनें जागच्या जागीं थांबविलेल्या पेशींचे अवशेष. जर्मनींतील वॉल्थर फ्लेमिंग यांनीं १८८२ सालीं आपल्या ग्रंथांत विभाजनाचा जो क्रम लाविला, तो लावतांना त्यांनीं सॅलॅमँडरच्या पिलांच्या जिवंत पेशीही तासन्‌तास पाहिल्या होत्या, ही गोष्ट आमचीं पुस्तकें सहसा सांगत नाहींत. शरीराबाहेर काढलेली पेशी जिवंत ठेवून तिचें चलनवलन पाहण्याचा मार्ग मात्र त्यानंतर पंचवीस वर्षांनीं मोकळा झाला. १९०७ सालीं अमेरिकेंत रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या भ्रूणांतील, ज्यापासून पुढें मज्जासंस्था व्हावयाची त्या भागाचा लहानसा तुकडा बेडकाच्याच लसीकेच्या थेंबांत ठेविला, तो थेंब पातळ कांचेवरून उलटा टांगला, खालच्या पट्टींतील खळग्यावर ती कांच बसविली आणि कडा मेणानें बंद केल्या. त्या काळीं वाद असा होता कीं, मज्जातंतु हा एकाच पेशींतून बाहेर वाढत जातो, कीं वाटेवरच्या अनेक पेशी मिळून तो जागच्या जागीं तयार होतो? दोन्ही पक्षांजवळ रंगविलेल्या मृत पेशींचीं चित्रें होतीं, आणि मृत पेशींवरून वाद तुटेना. हॅरिसन यांनीं केलें तें इतकेंच कीं, ते पाहत बसले. पेशींतून धागा निघाला, त्याचें टोंक अमीबासारखें हालत-चाचपत पुढें सरकलें, आणि पुढील घटकेस तो आणखी लांब झाला. वाद मिटला.

आज ही विद्या पुष्कळ पुढें गेली आहे. पेशी कांचेच्या वा प्लॅस्टिकच्या बशींत, क्षार, साखर, अमिनो आम्लें व रक्तद्रव घातलेल्या पोषक द्रवांत, शरीराइतक्याच उबेंत म्हणजे ३७ अंशांवर वाढवितात. नुकतीच सोडलेली पेशी द्रवांत गोल असते. ती तळाशीं बसते, आणि थोड्याच वेळांत तिची कड पसरूं लागते. ज्यांनीं आपल्या आईस तापल्या तव्यावर आंबोळीचें पीठ ओततांना पाहिलें असेल, त्यांस या पसरण्याची थोडी कल्पना येईल. फरक एवढाच कीं, पीठ ओढाळपणें चहूंकडे जातें, आणि पेशी जणूं चाचपून जाते. तिच्या कडेचा पदर अत्यंत पातळ असतो. तो पुढें सरतो, तळाला चिकटतो, कधीं दुमडून मागें उलटतो, पुन्हा सरतो. कांहीं तासांत ती गोल गोळी चपटी, लांबट, दोन-तीन टोंकांची होते आणि बशीच्या तळावरून अगदीं मंद गतीनें हिंडूं लागते.

आणि मग, विभागण्याची वेळ आली कीं, जें मिळविलें तें सर्व ती सोडून देते. पसरलेले पदर आंत ओढले जातात, पेशी पुन्हा गोल होते, केवळ कांहीं बारीक धाग्यांनीं तळाशीं बांधलेली राहते. आंत केंद्रकाचें आवरण नाहींसें होतें. गुणसूत्रें इकडून तिकडे ओढाताण होऊन मध्यभागीं एका पट्टींत येतात. येथें पेशी थांबते. एकही गुणसूत्र जागेवर येण्याचें राहिलें असेल तर त्याची वाट पाहिली जाते; त्या एकाकरितां सारें काम अडून राहतें. तें आलें कीं थोड्याच वेळांत सर्व जोड्या एकदम सुटतात आणि दोन बाजूंस जातात. पेशीच्या कमरेशीं करदोडा आवळावा तशी खांच पडते. या वेळीं तिच्या पृष्ठावर उकळत्या पेजेसारखे बुडबुडे उठतात व बसतात, जणूं पेशी खदखदते आहे. मग दोन लेंकी परस्परांपासून दूर सरतात, पुन्हा पदर पसरतात, पुन्हा चालूं लागतात. हें सारें प्रकरण साधारणपणें एका तासांत आटोपतें. आमच्या वह्यांतील चार चित्रांत हा थांबा नाहीं, हें खदखदणें नाहीं, तो पदर आवरून घेणेंही नाहीं.

हें डोळ्यांस दिसावें तरी कसें? जिवंत पेशी पाण्यासारखी पारदर्शक, आणि तिची चाल घड्याळाच्या तासकांट्याहूनही मंद. पहिली अडचण फ्रिट्स झेर्निके या डच शास्त्रज्ञांच्या युक्तीनें दूर झाली. पेशीच्या निरनिराळ्या भागांतून जातांना प्रकाशाच्या लहरी कमीअधिक मागें पडतात, तो फरक त्यांनीं उजेड-अंधाराच्या फरकांत आणून दाखविला, आणि रंग न देतां, म्हणजे न मारतां, पेशी दिसूं लागली. त्याबद्दल त्यांस १९५३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरी अडचण चलच्चित्रानें दूर केली, लंडनचे डॉ. रोनाल्ड कॅन्टी यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच असे चित्रपट तयार केले होते. यांतील हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. दर मिनिटाला एक चित्र घेतलें तर दिवसांत १४४० चित्रें होतात. तीं सेकंदास २४ या वेगानें दाखविलीं कीं पेशीचा एक अहोरात्र बरोबर एका मिनिटांत डोळ्यांपुढून जातो.

अशाच चित्रांवरून मायकेल अॅबरक्रॉम्बी व जोन हेसमन यांनीं १९५३ पासून कोंबडीच्या भ्रूणहृदयांतील पेशींची चाल मोजून काढली. चालतां चालतां दोन पेशी समोरासमोर आल्या कीं, स्पर्श होतांच त्या बाजूचा पदर स्तब्ध होतो, आणि पेशी दुसरीकडे वळते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी हा संकोच पाळीत नाहींत. येथें एखादा उपदेशक लेखक शेजारधर्मावर चार वाक्यें लिहील. पेशींस धर्म नसतो, म्हणून आम्ही तो मोह आवरतों.

परंतु एक पेशी पाहणें ही गोष्ट सोपी मुळींच नव्हे. पुष्कळ पेशींच्या घोळक्यांत ती सुखानें वाढते. एकटी मोठ्या बशींत टाकली तर बहुधा मरते. कॅथरिन सॅनफर्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९४८ सालीं एकेक पेशी केसासारख्या बारीक कांचनळींत कोंडली. त्या इवल्याशा जागेंत पेशीनें स्वतः सोडलेलीं द्रव्यें तिच्याभोंवतींच राहिलीं आणि एकीपासून संतति वाढली. पुढें १९५५ सालीं कॉलराडोमध्यें थिओडोर पक व फिलिप मार्कस यांनीं निराळी तोड काढली: क्षकिरणांनीं ज्यांची विभागण्याची शक्ति नष्ट केली आहे पण ज्या जिवंत आहेत अशा पेशींचा थर आधीं बशींत पसरावयाचा, आणि त्यावर मोजक्या पेशी सोडावयाच्या. त्या दाई-पेशींच्या आधारानें एकेक पेशी वाढून डोळ्यांस दिसेल एवढें ठिपक्याएवढें वसतिस्थान निर्माण करूं लागली. शंभर पेशी सोडल्या तर किती ठिपके उठले, हें आतां बोटांनीं मोजतां येऊं लागलें. तोंपर्यंत संशोधकांस घोळक्याची सरासरी ठाऊक होती. एकेकीचें चरित्र ठाऊक नव्हतें.

सरासरीवर भिस्त ठेविल्यानें काय होतें, याचें आलेक्सी कारेल यांचें उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावें असें आम्हांस वाटतें. कारेल हे मोठे शस्त्रवैद्य. रक्तवाहिन्या शिवण्याच्या विद्येबद्दल त्यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं १७ जानेवारीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत त्यांनीं कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा वाढीस लाविला. तो वाढतच राहिला. वर्षें लोटलीं, कोंबडीचें आयुष्य संपलें असतें, तरी तो वाढतच होता. वृत्तपत्रें त्याचे वाढदिवस साजरे करूं लागलीं. कारेल १९४४ सालीं वारले, आणि ती वाढ १९४६ सालीं, चौतीस वर्षांनीं, बंद करण्यांत आली. शास्त्रज्ञांनीं सिद्धांत काढला: पेशी स्वतः अमर आहे, मरतें तें शरीर. दुसऱ्या कोणाच्या पेशी कांहीं महिन्यांनीं मरत, तेव्हां तो बिचारा आपल्याच हातास दोष देई. कारेल यांच्या प्रयोगशाळेंत सर्वजण काळे पायघोळ झगे घालून वावरत, त्यामुळें बाहेरच्यांस ही एक गूढ विद्याच वाटत असल्यास नवल नाहीं.

१९६१ सालीं फिलाडेल्फियांतील विस्टर संस्थेंत लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं आपल्या हातास दोष देण्याचें नाकारलें. मानवी भ्रूणाच्या पेशी सुमारें पन्नास वेळां दुप्पट होऊन थांबतात, असें त्यांस पुन्हा पुन्हा आढळलें. द्रव खराब असेल कां? त्यांनीं पुष्कळ वेळां विभागलेल्या पुरुष-पेशी व थोड्याच वेळां विभागलेल्या स्त्री-पेशी एकाच बशींत, एकाच द्रवांत मिसळल्या. गुणसूत्रांवरून कोण कोणती हें ओळखतां येत होतें. कांहीं काळानें पाहिलें तों वृद्ध पेशी थांबल्या होत्या, तरुण पेशी वाढत होत्या. दोष द्रवाचा असता तर दोन्ही थांबल्या असत्या. हा निबंध ज्या पहिल्या नियतकालिकाकडे पाठविला तेथून तो परत आला, हेंही सांगून ठेवणें बरें. कारेल यांच्या वाढीस खाद्य म्हणून जो भ्रूणांचा अर्क घालीत, त्यांतूनच ताज्या जिवंत पेशी नकळत आंत जात असाव्या, असा हेफ्लिक यांचा तर्क होता. तें कांहींही असो. चौतीस वर्षें लोकांनीं घोळका वाढतांना पाहिला, पण त्यांतील कोणती पेशी जुनी व कोणती नवी हें कोणी पाहिलें नाहीं.

आणखी एक उदाहरण तर आमच्या त्या वह्यांस अधिकच लागू पडतें. १९२३ सालापासून मनुष्याच्या पेशींत ४८ गुणसूत्रें असतात असें पुस्तकांत छापलें होतें, आणि जो मोजी त्याला ४८ सांपडत. १९५५ च्या डिसेंबरांत स्वीडनमधील लुंड येथें जो हिन चिओ यांनीं आल्बर्ट लेव्हान यांच्या सहकार्यानें भ्रूणाच्या फुप्फुसांतील संवर्धित पेशी नीट पसरवून मोजल्या. ४६ भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा ४६. पुढील वर्षीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें, आणि त्याच निबंधांत नमूद केलें कीं, दुसऱ्या कांहीं संशोधकांनीं यकृताच्या पेशींचें काम मध्येंच सोडलें होतें, कारण त्यांस सर्व ४८ गुणसूत्रें सांपडेनात! डोळ्यांस ४६ दिसत होतीं. पुस्तकांत ४८ होतीं. आणि त्यांनीं डोळ्यांस अपुरें ठरविलें. आमच्या वर्गांतील मुलांनीं याहून निराळें काय केलें? आणि आम्हीं तरी?

पेशी पाहतां पाहतां ती कोणाची हें विसरण्याचा धोकाही या विद्येंत आहे. १९५१ सालीं बाल्टिमोरच्या रुग्णालयांत हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदांतून पेशी घेतल्या, त्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत गेल्या, आणि ज्या थांबल्या नाहींत अशा त्या पहिल्या मानवी पेशी ठरल्या. 'हेला' या नांवानें त्या आज जगभर आहेत. सुमारें दिवसास एकदां त्या दुप्पट होतात. त्यांत गुणसूत्रें ४६ नसून बरींच अधिक आहेत. पोलिओच्या लशीच्या परीक्षेपासून अनेक कामांत त्यांचा उपयोग झाला. पण त्या बाईस कोणी विचारलें नव्हतें. ती त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, वयाच्या ३१ व्या वर्षीं, पांच मुलें मागें ठेवून वारली. आणि कुटुंबास ही हकीकत कळली ती वीस वर्षांहून अधिक काळानें. विज्ञानाचा लाभ झाला म्हणून हें विसरावें, असें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं.

त्याच जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकण्यास पुण्याची एक कन्या गेली होती. हुजूरपागेच्या शाळेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे परत आल्या, त्या मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत आपल्या देशांतील आद्य ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांपैकीं एक उभारण्याकरितां. पुण्याचें आणखी एक नांव या शास्त्रांत कायमचें आहे. तेथील विषाणु-संशोधन केंद्रांत डॉ. के. आर. पी. सिंग यांनीं १९६७ सालीं डांसांच्या अळ्यांपासून पेशींची वाढ तयार केली. त्यांतूनच पुढें १९७८ सालीं इगाराशी या जपानी शास्त्रज्ञानें एका पेशीची संतति वेगळी काढली, आणि ती डेंग्यूचा विषाणु ओळखण्यास जगांतील प्रयोगशाळांतून वापरतात. एका पेशीची संतति! पुण्यांतच विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, आणि तेथून देशांतील संशोधकांस अशा पेशी पुरविल्या जातात. तेव्हां हें सारें सातासमुद्रांपलीकडचें आहे, आमच्या मुलांचा त्याशीं संबंध काय, असें पालकांनीं म्हणूं नये.

पालकांचें दुसरें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे, आणि तें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. "सर, परीक्षेंत चार अवस्था विचारतात, माझ्या मुलीनें साठ पेशींची भिंत काढली तर तिला गुण कोण देणार?" या प्रश्नास आमच्याजवळ पूर्ण समाधानकारक उत्तर नाहीं. परीक्षेचे नियम आमच्या हातांत नाहींत, आणि पुस्तकांतील चार अवस्था मुलांस आल्याच पाहिजेत. त्या अवस्थांचीं नांवें ठाऊक नसतील तर भिंगाखालीं काय दिसतें हेंही कळणार नाहीं. परंतु प्रयोगाची वही ही परीक्षेची उत्तरपत्रिका नव्हे. तिच्यांत जर दुसऱ्याच्या मोबाइलवरून उतरलेलें चित्र येत असेल, आणि बाजारांत आयती भरलेली वही विकत मिळत असेल, तर मुलगा त्या वहींतून जीवशास्त्र शिकत नसून, न पाहिलेलें पाहिलें म्हणून लिहावयास शिकतो. चिओ यांच्या आधीं तीस वर्षें लोकांनीं जें केलें, त्याचीच ती लहान आवृत्ति होय.

आमच्या शाळेंत पेशींचें संवर्धन करण्याची सोय नाहीं. उबेची पेटी नाहीं, निर्जंतुक हवेची व्यवस्था नाहीं, आणि तशी हांव आम्ही धरीतही नाहीं. पण कांदा आहे, आणि चार सूक्ष्मदर्शक आहेत. त्यांपैकीं एकाचें भिंग गेल्या पावसाळ्यांत बुरशीनें गेलें, तें दुरुस्त व्हावें म्हणून अर्ज केला आहे. येत्या जूनपासून दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक पूर्ण तास एका कांचपट्टीपुढें बसविण्यांत येईल. पेशी किती दिसल्या व त्यांतील विभागत असलेल्या किती, हा आंकडा त्यानें चित्राखालीं लिहावयाचा आहे. शेजाऱ्याचा आंकडा निराळा आला तर घाबरूं नये. तो निराळाच यावयास पाहिजे. दोन वह्यांत एकच आंकडा व एकच चित्र आढळल्यास मात्र दोघांसही पुन्हा बसावें लागेल.

त्या मुलीच्या वहींतील पेशी आम्हीं मागाहून तीच पट्टी घेऊन पुन्हा मोजल्या. तिनें बासष्ट काढल्या होत्या, आम्हांस चौसष्ट दिसल्या. दोन कडेला अर्धवट होत्या. विभागणाऱ्या तीन, त्या बरोबर होत्या. तिचे दोन गुण परत दिले आहेत, आणि ती वही सध्यां प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविली आहे; ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.